लॉर्ड हाउ बेटाच्या मंडळाला खुले पत्र: काडीकिड्याला मरायची मोकळीक द्या

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
लॉर्ड हाउ आयलंड बोर्ड,
तसेच बेटावरचे सर्व रहिवासी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बेटाशी माझा संबंध काय, असं तुम्ही विचारू शकता. तिथे माझं घर नाही, जमीन नाही, मताचा हक्क तर नाहीच. पण १९८२ साली युनेस्कोनं तुमच्या बेटाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत घातलं आणि तेव्हापासून जगातल्या कोणाही उपटसुंभाला तुम्हाला चार ओळी लिहायचा अधिकार मिळाला, असं मी धरून चालतो. पत्र मराठीत आहे, कारण मला विचार मराठीतच करता येतो. शिवाय बोर्डाच्या टेबलावर ते पोचलं नाही तरी इथल्या चार माणसांनी ते वाचावं, असं वाटतं.

विषय तुमच्या ओळखीचा आहे: ड्रायोकोसेलस ऑस्ट्रॅलिस, म्हणजे तुमचा काडीकिडा. तुमच्याकडची जुनी माणसं ज्याला झाडावरची शेवंड म्हणत, तोच. माझं मागणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. हा किडा बेटाच्या रानात सोडला की त्यातले पुष्कळ मरणार. हे आधीच मान्य करा, लोकांना उघड सांगा, आणि तरीही सोडा. एकेका किड्याचा जीव जपायच्या नादात सगळी जातच काचेच्या पेटीत म्हातारी होऊ देऊ नका.

मराठी वाचकांसाठी मागची हकिगत थोडक्यात सांगणं भाग आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर, टास्मन समुद्रात, लॉर्ड हाउ हे जेमतेम साडेचौदा चौरस किलोमीटरचं बेट आहे. ज्वालामुखीतून वर आलेलं, त्यामुळे कुठल्याही खंडाला कधीच न जोडलेलं. तिथे जे जीव पोचले ते उडत, पोहत नाहीतर ओंडक्यांवर वाहत पोचले, आणि मग लाखो वर्षं आपापल्या परीनं बदलत गेले. १७८८ मध्ये एका ब्रिटिश जहाजाला हे बेट पहिल्यांदा दिसलं आणि १८३४ मध्ये वस्ती झाली. त्याआधी तिथे माणूस राहत असल्याचा मागमूस सापडलेला नाही.

अशा ठिकाणी काडीकिड्याला पंखांची गरज उरली नाही. पूर्ण वाढलेली मादी पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, आणि अंगाला पॉलिश केलेल्या बुटासारखी काळपट तपकिरी चकाकी. काडीकिड्यांची बाकी मंडळी सडपातळ, पानाकाडीत मिसळून जाण्यात पटाईत. हा मात्र जाडजूड, आणि पळायला लागला तर चांगला चपळ. नराच्या मागच्या मांड्या फुगीर आणि काटेरी. दिवसा झाडांच्या ढोल्यांमध्ये एकमेकांना खेटून झोपायचं, रात्री बाहेर पडून पाला खायचा, असा त्यांचा दिनक्रम. पिल्लांचं उलट. ती हिरवी असतात, दिवसाउजेडी हिंडतात, आणि कात टाकत टाकत मोठी होताना काळी आणि निशाचर होत जातात. एके काळी हे किडे इतके मुबलक होते की बेटावरचे लोक मासे पकडायला त्यांना गळाला लावत.

जून १९१८ मध्ये ‘मकाम्बो’ नावाची आगबोट बेटाच्या खडकांवर चढली. डागडुजीला नऊ दिवस लागले. तेवढ्यात बोटीवरचे काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. पुढच्या काही वर्षांतच काडीकिडा बेटावर दिसेनासा झाला. पाच जातींचे पक्षी तर जगातूनच गेले. डझनभराहून जास्त जातींचे बारीकसारीक जीवही त्याच वाटेनं गेले. उंदीर आवरावेत म्हणून १९२०च्या दशकात बाहेरून घुबडं आणून सोडली, आपल्या गव्हाणी घुबडाच्या जातकुळीतली. त्यांनी उंदीर खाल्ले, आणि बेटाचे पक्षीही खाल्ले. उंदरांच्या शेपट्या आणून देणाऱ्यांना बक्षीस लावून झालं, तरी उंदीर काही हटले नाहीत. बेटाच्या केंटिया पामच्या बिया परदेशी जायच्या, त्यावर लोकांची चूल पेटायची. उंदरांनी त्या बियाही सोडल्या नाहीत. म्हणजे हे भांडण फक्त किड्या-पाखरांचं कधीच नव्हतं, हे तुमच्या घराघरात माहीत आहे.

किडा नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. पण तुमच्या बेटाच्या आग्नेयेला, वीसेक किलोमीटरवर, समुद्रातून साडेपाचशे मीटरहून उंच उठलेला एक सुळका आहे, बॉल्स पिरॅमिड. १९६४ मध्ये तिथे गेलेल्या गिर्यारोहकांना एक मेलेला काडीकिडा मिळाला. पुढेही कधीमधी वाळलेली शरीरं मिळत राहिली, जिवंत एकही नाही. त्यात नवल नव्हतं. चढाई दिवसा होते आणि किडा रात्री बाहेर पडतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये डेव्हिड प्रिडेल, निकोलस कार्लाइल हे संशोधक आणि त्यांचे सोबती तिथे उतरले. उतरणं म्हणजे काय, तर धक्का नाही, पुळण नाही. लाट वर आली की बोटीतून कातळावर उडी टाकायची. दिवसभर हिंडून हाती काही लागलं नाही. खाली येताना मेलालुकाचं एक झुडूप लागलं. कातळाच्या भेगेतून पाणी झिरपत होतं, त्याच्या आधारानं ते तग धरून होतं, आणि त्याच्या बुडाशी लेंड्या पडल्या होत्या. मोठ्या आणि ताज्या. एवढ्या मोठ्या लेंड्या टाकणारा किडा रात्रीच दिसणार, म्हणून कार्लाइल आणि तुमच्याच बेटाचे रेंजर डीन हिस्कॉक्स अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन पुन्हा तो कडा चढले. दिवसाही जिथे जपून पाय टाकावा लागतो, तिथे रात्री. आणि झुडपावर ते होते: काळे, चकचकीत, जिवंत. पुढच्या वर्षी मोजदाद झाली तेव्हा चोवीस भरले.

मला या गोष्टीत किड्याच्या चिवटपणाइतकंच त्या लेंड्या ओळखणाऱ्या डोळ्यांचं कौतुक वाटतं. आपण वन्यजीव संशोधनाच्या बातम्यांमध्ये उपग्रह आणि जनुकं वाचतो. इथे सगळं प्रकरण विष्ठेच्या आकारावर उलगडलं.

तिथून दोन वर्षांनी, फेब्रुवारी २००३ मध्ये, दोन जोड्या खाली आणल्या गेल्या. मधली दोन वर्षं एखादी दरड कोसळली असती किंवा एखादं वादळ त्या पट्ट्यावरून गेलं असतं, तर आणायला काही उरलं नसतं. एक जोडी सिडनीच्या एका खाजगी कीटकपालकाकडे गेली आणि थोड्याच दिवसांत मेली. दुसरी मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात गेली. तिची नावं ॲडम आणि इव्ह. इव्हनं अंडी घालायला सुरुवात केली आणि ती आजारी पडली. अंग आक्रसून पडून राहायची. तिला कोणता रोग झाला आहे हे सांगणारा पशुवैद्य जगात नव्हता, कारण तिची जात कोणी पाळलीच नव्हती. पॅट्रिक होनन या कीटकपालानं कॅल्शियम आणि साखरेचं पाणी घालून एक मिश्रण बनवलं आणि ते थेंबाथेंबानं तिच्या तोंडाशी धरत राहिला. ती वाचली. आज जगातल्या प्राणिसंग्रहालयांत असलेले काडीकिडे बहुतांशी तिच्याच वंशातले. मेलबर्नहून अंडी ब्रिस्टलला गेली, सॅन डिएगोला गेली, टोरोंटोला गेली. एकाच छपराखाली सगळं ठेवलं आणि तिथे आग लागली तर, असा साधा हिशोब त्यामागे होता, आणि तो बरोबर होता.

जाता जाता एक. नर मादीच्या अंगावर पाय टाकून झोपतो, हे होनन यांनी पाहिलं आणि ती गोष्ट जगभर पसरली. किड्यांमधलं प्रेम, संसार वगैरे. त्यातून लोकांचं लक्ष वेधलं गेलं, देणग्याही आल्या असतील. मला स्वतःला ही वाट पटत नाही. किडा माणसासारखा वागतो म्हणून वाचवायचा असेल, तर जे किडे तसे वागत नाहीत त्यांचं काय? तुमच्याच बेटावर पॅनेस्थिया लाटा हे झुरळ आहे, सडकं लाकूड खाणारं. मुख्य बेटावरून ते कित्येक दशकांपूर्वी गेलं असं मानलं जात होतं. आजूबाजूच्या लहान बेटांवर थोडं उरलं होतं. २०२२ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या लोकांना ते मुख्य बेटावर, एका वडाच्या बुडाशी, दगडाखाली सापडलं. त्या झुरळाच्या संसाराबद्दल कोणी हळवं होऊन लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण वाळलेलं लाकूड मातीत मिसळण्याचं काम ते करतं, काडीकिडा पाला खाऊन त्याचं खत करतो, आणि यातल्या कोणाला आपल्या मायेची गरज नाही.

आता मुद्द्यावर येतो.

काडीकिड्याची मादी आयुष्यात सुमारे तीनशे अंडी घालते. झाडावरून खाली उतरून, पोटाचं टोक मातीत खुपसून. बहुतेक काडीकिड्यांच्या माद्या वरूनच अंडी टाकून देतात. ही ती पुरते. अंडी फुटायला सहा ते नऊ महिने लागतात. आता हिशोब करा. रानात किड्यांची संख्या स्थिर राहायची असेल, तर त्या तीनशेतून सरासरी दोनच जीव मोठे होऊन पुढे वीण करणार. उरलेले दोनशे अठ्ठ्याण्णव अंड्यात, पिल्लूपणी, कात टाकताना, कोणाच्या तरी चोचीत, उन्हात, वादळात जाणार. या जातीचा निसर्गक्रमच तो आहे. त्या दोनशे अठ्ठ्याण्णवांच्या जाण्यातूनच उरलेले दोघे त्या रानाला लायक ठरत आले.

प्राणिसंग्रहालयात हा हिशोब उलटा होतो. तिथे पाण्याचा फवारा वेळेवर असतो, पानं ताजी असतात, चोच नसते. जो किडा रानात पहिल्याच आठवड्यात गेला असता तोही मोठा होतो, वीण करतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं की किडा फवाऱ्याला आणि कुंडीला सरावतो. शिवाय सगळं कुटुंब मुळात एकाच जोडप्यापासून वाढलेलं. म्हणून २०१७ मध्ये पिरॅमिडवरून आणखी एक मादी आणली, रक्तात थोडी भर पडावी म्हणून. चांगलं केलं. पण एका मादीनं असं किती भागणार? मेलबर्नच्या लोकांनी जे केलं ते अजोडच आहे, पण त्यांनी ते किडा कायमचा सांभाळण्यासाठी केलेलं नाही. तो परत जावा म्हणून केलं.

पिरॅमिडवरचा किडा आणि बेटावरचा जुना किडा एकच का, अशी शंका मध्यंतरी काढली जात होती. संग्रहालयातले जुने नमुने आणि सुळक्यावरचे किडे दिसायला थोडे वेगळे आहेत, मांड्यांची जाडी, काटे, रंग. २०१७ मध्येच जपानमधल्या ओकिनावाच्या संशोधन संस्थेत दोघांची जनुकं ताडून पाहिली. फरक एक टक्क्याहून कमी निघाला. जात एकच. तेव्हा ‘हा आमचा नव्हेच’ ही पळवाटही उरली नाही.

आणि उंदरांचं तुम्ही जे केलं, ते जगात फार थोड्या वस्तीच्या बेटांनी केलं असेल. २०१५ मध्ये, विष टाकून उंदीर संपवायचे का, यावर तुम्ही रहिवाशांचं मत घेतलं. बाजूनं मतं पडली बावन्न टक्क्यांच्या आसपास. इतक्या लहान गावात, जिथे सगळे एकमेकांना नावानं ओळखतात, तिथे असा अर्ध्यावर फाटलेला कौल पचवणं सोपं नसतं. ज्यांनी विरोधात मत दिलं ते काही निसर्गद्वेष्टे नव्हते. मुलं, गुरं, विहिरी, समुद्र, पर्यटकांवर चालणारी घरं: आपल्या अंगणात विष टाकायला निघालेल्या सरकारला कोणीही हेच प्रश्न विचारले असते. २०१९ च्या हिवाळ्यात बेचाळीस टन विषारी आमिष टाकलं गेलं, काही हेलिकॉप्टरनं, काही घरोघरी पेट्या ठेवून. त्याआधी वुडहेन, म्हणजे पाणकोंबडीच्या कुळातला तुमचा न उडणारा पक्षी, बहुतेक सगळा पकडून पिंजऱ्यात सांभाळला. विष ओसरल्यावर सोडला. काही वर्षांतच त्याची संख्या दुपटीहून जास्त झाली. झाडांखाली रोपं दिसायला लागली, गोगलगायी, किडे वाढले. पक्षी, पाखरं, पामच्या बिया, सगळ्यांना त्याचा फायदा झाला. पण त्या मोहिमेच्या प्रत्येक भाषणात, प्रत्येक पत्रकात उदाहरण कोणाचं दिलं जात होतं? काडीकिड्याचं. त्याच्या नावावर ही लढाई लढली गेली. त्याचं घर त्याला मिळालं नाही तर ही बेइमानी ठरेल, इतकं मी स्पष्ट बोलतो.

वुडहेनचं नाव निघालंच आहे तर तोच तुमच्यापुढचा अवघड प्रश्न आहे, हेही मला दिसतं. हा पक्षी दिवसभर पालापाचोळा उकरत फिरतो आणि त्यात जे वळवळेल ते खातो. काडीकिड्याची मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते. दोघांची गाठ पडणारच. तुमच्या हातचा एक दुर्मीळ जीव दुसऱ्या दुर्मीळ जिवाच्या पोटात जाणार, आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढणार. बातम्या येतील: इतक्या वर्षांची मेहनत पक्ष्यानं गिळली. बोर्डाला खरी धास्ती या मथळ्याची वाटत असेल तर मी समजू शकतो. सरकारी माणसाला किडा मेल्याचं दुःख कमी आणि ‘जबाबदार कोण’ या प्रश्नाचं भय जास्त, हे सगळ्या देशांत सारखंच असतं.

पण वुडहेन आणि काडीकिडा हे त्या बेटाचे जुने शेजारी आहेत. उंदीर येण्याआधी हजारो वर्षं हा त्याला खात होता आणि तो तरीही इतका उरत होता की माणसं गळाला लावत होती. वुडहेन रात्री झोपतो, प्रौढ किडा रात्री फिरतो. उंदीर रात्री फिरतो, झाडावर चढतो, ढोलीत शिरतो. नेमकं किड्याचं सगळं वेळापत्रक आणि सगळे पत्ते उंदराला ठाऊक होते, म्हणून तो घात झाला. पक्ष्यानं खाल्लेले किडे हा खर्च नेहमीचाच होता. तो पुन्हा होणार म्हणून घाबरायचं कारण नाही.

मग सोडायचा कसा? मी तज्ज्ञ नाही, पण वाचून आणि विचार करून जे वाटतं ते सांगतो. एकाच ठिकाणी, एकदाच, वाजतगाजत सोडू नका. गाजावाजा केला की एका खेपेवर सगळी अब्रू लागते आणि ती खेप फसली की दुसरी खेप काढायची हिंमत उरत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वयाचे सोडा. पिल्लं सोडली तर ती दिवसा हिंडणार आणि पक्ष्यांना दिसणार. प्रौढ सोडले तर त्यांना पहिल्या रात्रीपासून ढोली लागणार. म्हणून जुन्या, पोकळ झाडांची मोजणी सोडण्याच्या आधी व्हायला हवी. नुसता हिरवा पाला बघून भागणार नाही. अंडीच मातीत पुरून पाहणंही करण्यासारखं आहे. जे पिल्लू रानातल्या मातीतून बाहेर येईल, त्यानं पेटी कधी पाहिलेलीच नसेल. लगूनमधल्या ब्लॅकबर्न बेटासारख्या लहानशा जागेवर आधी पाहावं असं कोणी म्हणेल, तर जरूर पाहा. पण तिथे पन्नास किडे टिकले की ‘काम झालं’ म्हणून पाटी लावू नका. अशी लहान जागा म्हणजे दुसरी पेटीच, फक्त वर आभाळ.

उंदीर परत येण्याचं भय मात्र खरं आहे, आणि त्या बाबतीत मी तुमच्याहून जास्त धसका घेतलेला माणूस आहे. एप्रिल २०२१ मध्ये, सगळं साफ झालं असं वाटत असताना, वस्तीत पुन्हा उंदीर सापडले. एक नर, एक मादी, मादी गाभण. मागून राहिलेले असोत की बोटीतून नव्यानं आलेले असोत, अशी एक मादी म्हणजे दुसरी मकाम्बो. तुम्ही धावपळ केली, वास घेणारी कुत्री फिरवली, पुन्हा आमिष टाकलं. पण दर पंधरवड्याला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट मॅक्वारीहून मालाची बोट येते. तांदूळ, सिमेंट, जनावरांचं खाद्य, कोणाचा नवा फ्रीज. प्रत्येक खोका हा प्रश्न आहे. धक्क्यावरची तपासणी हे अतिशय कंटाळवाणं काम आहे. त्यात फोटो नाही, उद्‌घाटन नाही, आणि ते उत्तम झालं तर काहीच घडत नाही. असल्या कामांचे पैसे तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुपचूप कापले जातात. किडा सोडायच्या खर्चाचा अंदाज मांडाल तेव्हा त्याच कागदावर धक्क्यावरच्या कुत्र्यांचा आणि त्यांना हाताळणाऱ्या माणसांचा पगार दहा वर्षांचा मांडा. तो वेगळ्या कागदावर गेला की गेला.

शिवाय तांबेरा. मर्टल रस्ट नावाचा हा बुरशीचा रोग जांभळाच्या कुळातल्या झाडांना धरतो. पिरॅमिडवर किडा ज्या मेलालुकावर जगला ते झाड त्याच कुळातलं. २०१६ मध्ये तांबेरा तुमच्या बेटावर आला, तुम्ही तो निपटला. २०२३ मध्ये पुन्हा आला आणि रानाचा मोठा भाग लोकांना बंद करावा लागला. सुळक्यावर आधीच एका परक्या वेलीनं झुडपांना विळखा घातला होता, ती तोडायला माणसं पाठवावी लागली. अशा कड्यावर जाऊन वेल उपटणाऱ्यांना मी मनोमन नमस्कार करतो. पण त्या ठिकाणावर काडीकिड्याचं सगळं भवितव्य टांगून ठेवणं शहाणपणाचं नाही. २०१४ मध्ये चढाई करणाऱ्यांना तो माथ्याजवळही दिसला, म्हणजे तो एका झुडपापुरता नाही, हे बरं आहे. तरीही एक बुरशी, एक दरड. रानात दुसरं घर असणं हाच त्यावर उपाय.

आता रहिवाशांशी दोन शब्द. रात्री पडवीत दिवा लावला आणि हातभर नाही तरी वीतभर काळा किडा भिंतीवर दिसला, तर लहान मूल किंचाळणार, आणि मोठंही. बागेतल्या झाडाचा पाला कुरतडलेला दिसणार. तो चावत नाही, विषारी नाही, हे सांगून भीती जात नाही. सवयीनं जाते. बेटावरच्या शाळेत दोन पेट्या ठेवा आणि मुलांना हाताळू द्या. आईबापांना मुलंच शिकवतील. आणि कुठे किडा सोडला हे नकाशावर खूण करून छापू नका. दुर्मीळ किडे विकत घेणारे शौकीन जगात आहेत, आणि पंधरा सेंटिमीटरचा काळा किडा लपवून न्यायला मोठी पिशवी लागत नाही. पाहुण्यांना रात्री बॅटरी घेऊन ‘काडीकिडा दर्शन’ घडवायचा मोह कोणाला तरी होणारच. एका वेळी बेटावर चारशेच पाहुणे, हा तुमचा नियम मला फार आवडतो. पहिली काही वर्षं या किड्यासाठी ती संख्या शून्य ठेवा.

बोर्डाकडे शेवटची मागणी अशी. पहिली खेप सोडण्याआधी कागदावर लिहा की किती मेले तरी आम्ही थांबणार नाही, आणि नेमकं काय दिसलं तर थांबू. मेलेल्यांचा आकडा हे थांबण्याचं कारण नको. सोडलेल्या ठिकाणी तिसऱ्या वर्षी रानात जन्मलेलं एकही हिरवं पिल्लू दिसलं नाही, तर ते कारण धरा. दर वर्षी सोडलेले किती, पुन्हा दिसलेले किती, कशामुळे गेले, जेवढं कळेल तेवढं, हे सगळं जाहीर करा. वाईट आकडा लपवला नाही तर लोक समजून घेतात, हे तुम्ही २०१५ च्या मतदानानंतर पाहिलेलंच आहे. आणि मेलबर्नच्या लोकांना सांगून ठेवा, की पहिल्या खेपेनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी लागेल. त्यांच्या पेट्या इतक्यात रिकाम्या करू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कीटकवेडा मराठी वाचक